सुट्टीच्या अटी



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला याच इमारतीत मराठी व्याकरण शिकविले. वाक्य कितीही लांबलचक असो, ते फळ्यावर लिहून सर एकच प्रश्न विचारीत : "यात करणारा कोण?" कर्ता सापडल्यावाचून ते पुढे जात नसत. पुढे मी अनेक वर्षे महाविद्यालयात मराठी शिकविले, प्रबंध लिहिला, इतरांचे प्रबंध तपासले. परंतु वाचन म्हणून जे काही मला येते त्याचा पाया तो प्रश्न आहे.

आज मी संतसाहित्यावर किंवा सयाजीरावकालीन ग्रंथव्यवहारावर बोलेन अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी बोलणार आहे एका परवान्याच्या अटींवर. २०२५ सालच्या आरंभी आमच्या शेजारची एक मुलगी, याच शाळेची माजी विद्यार्थिनी, बी. कॉम. झालेली, कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली. "आजोबा, एवढं वाचून द्या. बाबा म्हणतात सही करून टाक." ऑस्ट्रेलियाच्या 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसाच्या सोडतीत तिचे नाव निघाले होते. एका सल्लागाराने तिच्या वडिलांना सांगितले होते की वर्षभर फिरायचे, कमवायचे आणि मग तेथेच कायम व्हायचे. या तीन क्रियापदांपैकी पहिली दोन कागदात होती, तिसरे कोठेही नव्हते.

परदेशी जाण्याच्या अटी हा विषय वडोदऱ्याला नवा नाही. १९१३ साली बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकर या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ साली ते करार पाळण्यासाठी या शहरात आले. राहण्यास जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी आपल्या कामाठीबागेत काढला. हा प्रसंग त्यांनी ज्या आठवणींत लिहिला आहे, त्यांचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. करारात त्यांनी काय द्यावयाचे ते स्पष्ट लिहिलेले होते. झोपावयाचे कोठे, हे कोणत्याच कलमात नव्हते. दोन्ही प्रसंग एका मापाचे मुळीच नाहीत. तरी मुलीचे कागद वाचताना मला ते आठवत राहिले.

आता पात्रतेकडे वळू. तो भाग सोपा आहे. भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यातील आर्थिक सहकार्य व व्यापार करार २०२२ च्या एप्रिलमध्ये झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमलात आला. त्यातील आश्वासनानुसार १६ सप्टेंबर २०२४ पासून ४६२ क्रमांकाचा हा व्हिसा भारतीयांना खुला झाला. दरवर्षी जागा एक हजार. वय अठरा ते तीस, बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामापुरते इंग्रजी, सोबत अवलंबून असलेले मूल नाही, आणि पारपत्र व पॅन कार्ड जवळ असावे. प्रथम पंचवीस डॉलर भरून सोडतीसाठी नोंदणी करावयाची; नाव निघाल्यास अठ्ठावीस दिवसांत पूर्ण अर्ज. त्या वर्षी अर्जाचे शुल्क ६५० ऑस्ट्रेलियन डॉलर होते. शिवाय सुमारे पाच हजार डॉलर, म्हणजे जवळजवळ तीन लाख रुपये, आणि परतीचे भाडे पदरी आहे असे दाखवावे लागते. पहिल्याच वर्षी, पहिल्या दोन आठवड्यांत चाळीस हजार तरुणांनी नोंदणी केल्याचे तेथील मंत्र्यांनी सांगितले. चाळिसांत एक! आमच्या पिढीत यापेक्षा बँकेच्या परीक्षेचे प्रमाण बरे होते.

खरे वाचन पुढे सुरू होते. व्हिसा बारा महिन्यांचा. एका मालकाकडे सर्वसाधारणपणे सहा महिन्यांहून अधिक काम करता येत नाही. शेतीसारख्या काही क्षेत्रांना सवलत आहे. चार महिन्यांहून अधिक शिक्षण घेता येत नाही. मुख्य हेतू सुट्टी, काम आनुषंगिक. मेलबर्नच्या उपाहारगृहात काम करून वर्ष काढले तर कोणी हरकत घेत नाही. वर्ष संपताच परत यावयाचे. मात्र दुसरे वर्ष हवे असेल, तर पहिल्या वर्षात तीन महिने 'विनिर्दिष्ट काम' केलेले असावे लागते : नेमून दिलेल्या प्रदेशांत शेती, पशुपालन, मासेमारी, वृक्षतोड, किंवा उत्तरेकडील व अतिदुर्गम भागांत पर्यटन अथवा उपाहारगृहातील काम. तिसऱ्या वर्षासाठी दुसऱ्या वर्षात असेच सहा महिने. हे तीन महिने म्हणजे किमान अठ्ठ्याऐंशी दिवस, आणि तिकडे तरुणांच्या बोलण्यात हा आकडाच त्या कामाचे नाव झाला आहे.

दिवस मोजण्याची रीत पाहा. सलग तीन महिने पूर्णवेळ काम असेल तर आठवड्याची सुट्टीही मोजली जाते. परंतु फळबागेत काम तुकड्यातुकड्यांनी मिळते. पाऊस पडला, फळ पिकले नाही, मालाला उठाव नाही, की काम बंद. मग प्रत्यक्ष कामाचाच दिवस हिशेबात येतो. क्वीन्सलँडमधील बंडाबर्गसारख्या गावी मजुरांची वसतिगृहेच कामही मिळवून देतात. तेथे भाडे पहिल्या रात्रीपासून सुरू होते, काम मात्र हंगामाच्या मर्जीने. ज्याला नुसते पैसे कमवावयाचे असतात तो असे गाव सोडून जाऊ शकतो. ज्याचे साठ दिवस झाले आहेत आणि अठ्ठावीस उरले आहेत तो जात नाही, हे मालकालाही ठाऊक असते.

येथे मी सरांचा प्रश्न विचारला. "अर्जदाराने काम केलेले असावे" या वाक्यात करणारा अर्जदार. काम देणारा कोण, हे त्यात नाही. वाक्याबाहेर राहिलेला हा मनुष्यच अठ्ठ्याऐंशी दिवसांचा खरा स्वामी होतो. दुसऱ्या वर्षाची ही योजना २००५ साली सुरू झाली, तेव्हापासून बरीच वर्षे पुरावा म्हणून मालकाची सही चाले. तेथील फेअर वर्क ओम्बड्समनच्या कार्यालयाने २०१६ साली यासंबंधी अहवाल प्रसिद्ध केला. काम मिळविण्यासाठी आणि सहीसाठीदेखील पैसे मोजल्याचे तरुणांनी सांगितल्याची नोंद त्यात आहे. तत्पूर्वी २०१५ सालीच नियम बदलून, कायद्याप्रमाणे वेतन मिळालेले कामच साधारणतः ग्राह्य धरू लागले होते. त्यामुळे पगारपत्रक आणि बँकेचा हिशेब हाच पुरावा झाला. १ जुलै २०२४ पासून व्हिसाच्या अटीचा धाक दाखवून कोणाला राबविणे हा गुन्हाच ठरला आहे. सुधारणा झाल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

वेतनाचेही तसेच. पूर्वी फळे तोडणाऱ्याला नगावर किंवा पेटीवर मजुरी मिळे, आणि पेट्या थोड्या भरल्या तर दिवसाची कमाई कितीही खाली जाई. तेथील कामगार संघटनेच्या अर्जावर वेतन आयोगाने निर्णय दिला आणि २८ एप्रिल २०२२ पासून पेटीच्या मजुरीलाही ताशी किमान वेतनाचा आधार मिळाला. सर्वसाधारण किमान वेतन २०२५ च्या जुलैपासून ताशी २४.९५ डॉलर होते. हंगामी मजुराला त्यावर पाव हिस्सा अधिक. आपल्याकडे हा आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण तेथील रहिवाशाला वर्षाच्या पहिल्या १८,२०० डॉलरवर कर नाही, आणि या व्हिसावर आलेल्या मजुराला, २०१७ साली आलेल्या नियमाप्रमाणे, पहिल्या डॉलरपासून पंधरा टक्के कर. मालकाने त्याच्या नावे निवृत्तिनिधीत भरलेले पैसे देश सोडताना परत मिळतात, ते पासष्ट टक्के कापून! हे सल्लागाराच्या रंगीत पत्रकात नव्हते.

आणखी एक तफावत. या पद्धतीची सुरुवात १९७५ साली झाली, ब्रिटन त्यात आरंभापासून आहे. ब्रिटिश पारपत्र असणाऱ्यांना वेगळा, ४१७ क्रमांकाचा व्हिसा मिळतो. दोन देशांतील व्यापार करारानंतर त्यांची वयोमर्यादा पस्तीस झाली, आणि १ जुलै २०२४ पासून त्यांना विनिर्दिष्ट काम न करता तिन्ही वर्षे मिळू लागली. संत्र्याचे झाड तेच आणि ऊनही तेच, पण अट पारपत्र पाहून लागते. मी यात कोणाला दोष देत नाही. व्यापार करारात ज्याने जे मागितले ते त्याला मिळाले. आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांनी पुढील फेरीत हे मागावे असे मात्र मला वाटते.

थोडे शब्दांविषयी बोलतो, त्यावाचून मराठीच्या शिक्षकाला चैन पडणार नाही. 'वर्किंग हॉलिडे'ला मराठी शब्द सुचवा म्हटल्यावर माझ्या एका विद्यार्थ्याने कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'च्या धर्तीवर 'कमवा आणि फिरा' असे सुचविले. वाईट नाही. आपल्याकडे सुट्टी आणि रजा असे दोन शब्द आहेत. सुट्टीत 'सुटणे' आहे. 'रजा' हा अरबी-फारसीतून आलेला, त्याचा मूळ अर्थ संमती. रजा कोणीतरी द्यावी लागते. आपले गुजराती शेजारी दोन्हीला 'रजा'च म्हणतात, आणि या व्हिसाच्या बाबतीत तेच अधिक बरोबर आहेत.

त्या मुलीला मी जे वाचून दाखविले त्यात एक गोष्ट कागदातली नव्हती. २३ जून २००० च्या रात्री क्वीन्सलँडमधील चिल्डर्स या छोट्या गावी, जुन्या हॉटेलातल्या पॅलेस नावाच्या वसतिगृहाला आग लावली गेली. फळे-भाज्या तोडण्याच्या कामासाठी देशोदेशींचे तरुण तेथे उतरले होते. धुराची सूचना देणारी यंत्रणा चालू नव्हती. पंधरा जण मेले. आग लावणाऱ्याला जन्मठेप झाली, वसतिगृहांच्या सुरक्षेचे कायदे कडक झाले. हे सांगताना तिचे वडील माझ्यावर रुष्ट झाले. "तुम्ही तिला घाबरवताय, काका." मी म्हणालो, "नाही. ती जाणारच आहे. पोचल्यावर खोलीचं दार आणि बाहेरचा जिना आधी बघ, एवढंच सांगतोय." आंबेडकरांच्या करारात न लिहिलेले कलम तिने स्वतःपुरते लिहून घ्यावे, एवढीच माझी इच्छा होती.

ती गेली. सल्लागाराने मागितलेले उरलेले शुल्क न देता, अर्ज स्वतः भरून गेली. व्हिक्टोरियातील मिल्ड्युरा या द्राक्षांच्या गावी तिने काम धरले. जाताना मी तिला आपल्या दुकानदारांकडे असते तशी लाल कापडी वही दिली होती. तिच्यात ती तारीख, तास, पेट्या आणि मिळालेली रक्कम रोज मांडते, आणि महिन्याअखेरीस पगारपत्रकाशी ताडून पाहते. एकदा दूरध्वनीवर तिने मला बावन्न दिवस झाल्याचे सांगितले. त्याआधीच्या पावसाचे तीन दिवस मुकादमाने मोजायचे कबूल केले होते, असे ती म्हणाली. मी विचारले, "कबूल केले, तर कोणी केले? लिहून कोणी दिले?" पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग ती हसली आणि म्हणाली, "आजोबा, ते तीन मी वहीत धरलेच नाहीत."