वक्त्यांचा अनुक्रम : स्वागताध्यक्षीय भाषण



कृष्णाकाठच्या या वाई क्षेत्री वादविवादाच्या शिक्षकांचे स्वागत करण्याचा मान स्वागतसमितीने मजकडे सोपविला, याबद्दल मी तिचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. ज्या गावी नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील आयुष्यातील स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी प्राज्ञपाठशाळा नावारूपास आणली आणि मीमांसाकोशासारखा सात भागांचा ग्रंथ सिद्ध केला, ज्या गावी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी अध्ययन केले आणि पुढे मराठी विश्वकोशाची धुरा वाहिली, त्या गावी वादसभेतील भाषणांच्या रचनेचा विचार व्हावा, हे सर्वथा उचित होय. मीमांसकांच्या अधिकरणाची विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय ही पाच अंगे येथील विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घोटली. आणि कोणते विधान कोणत्या स्थानी करावयाचे याची जी शिस्त त्या पद्धतीत आहे, तिचीच आज आपल्या स्पर्धांना निकड आहे, असे माझे प्रांजळ मत आहे.

आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा शिरस्ता आपणांस ठाऊकच आहे. एका महाविद्यालयाचे दोन स्पर्धक, एक अनुकूल व एक प्रतिकूल, पाठवावयाचे. दोघांच्या गुणांची बेरीज करून फिरती ढाल मुक्रर करावयाची. या प्रथेने अनेक उत्तम वक्ते घडविले, हे मी कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. परंतु जे एकाच संघाचे म्हणविले जातात ते परस्परविरुद्ध बोलतात, आणि ज्यांचा पक्ष एक आहे त्यांची आधी भेटही झालेली नसते. त्यामुळे दहावा अनुकूल वक्ता पहिल्याचेच मुद्दे पुन्हा मांडतो, आणि वादविवादाच्या नावाखाली पाठ केलेल्या वक्तृत्वाची मालिका आपण ऐकत बसतो. याउलट जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत, जिचा आरंभ 1988 साली ऑस्ट्रेलियात झाला, प्रत्येक पक्षाचे तीन वक्ते क्रमाने आठ-आठ मिनिटे बोलतात आणि अखेरीस प्रत्येक पक्षाचे चार मिनिटांचे समारोपाचे भाषण होते. तेथे शंभर गुणांपैकी आशयास चाळीस, शैलीस चाळीस आणि उरलेले वीस रचना व धोरण यांस राखलेले असतात. म्हणजे योग्य गोष्ट योग्य जागी बोलण्याची स्वतंत्र कदर होते.

ही जागा कशी ठरते, हे येथलेच एक उदाहरण घेऊन पाहू. ‘माथेरानप्रमाणे पाचगणी-महाबळेश्वरातही पर्यटकांच्या खाजगी मोटारींना मज्जाव असावा’ असा विषय आहे, असे समजा. पहिल्या अनुकूल वक्त्याने प्रथम क्षेत्र आखून द्यावयाचे : स्थानिक रहिवाशांची वाहने, रुग्णवाहिका आणि शेतमालाच्या गाड्या यांना मुभा, पर्यटकांच्या मोटारी वाईस किंवा घाटाच्या पायथ्याशी ठेवून पुढे पसरणीच्या घाटाने एस.टी.ची सोय. हे स्पष्ट न करता जो थेट निसर्गसौंदर्याच्या वर्णनास हात घालतो, तो आपल्या दोन्ही सहकाऱ्यांना उघड्यावर सोडतो. त्यानंतर, ‘मी पर्यावरणाचा भाग मांडीन, माझा सहकारी रोजगाराचा मांडील’ अशी वाटणी त्याने जाहीर करावी, आणि 2001 साली हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला, या दाखल्यापासून आपला युक्तिवाद उभारावा.

प्रतिकूल पक्षाच्या पहिल्या वक्त्यास दुहेरी काम असते. केवळ हरकती घेऊन त्याचे भागत नाही. मज्जाव नको तर काय हवे, वाहनतळ, प्रवेशशुल्क की सुट्ट्यांच्या दिवसांपुरता निर्बंध, याची स्वतःची कैफियत त्याला द्यावी लागते. दुसऱ्या वक्त्यांनी आपल्या वेळेचा मोठा हिस्सा खंडनासाठी राखून, मग वाटणीप्रमाणे उरलेला मुद्दा मांडावयाचा. येथे न्यायशास्त्राने सांगितलेल्या बावीस निग्रहस्थानांपैकी, म्हणजे वादातील पराभवाच्या स्थानांपैकी, दोन मला वारंवार आठवतात. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच अर्थाने पुन्हा सांगता न येणे, हे अननुभाषण. आणि अडचणीत येताच मूळ प्रतिज्ञा सोडून दुसरीच पुढे करणे, हे प्रतिज्ञांतर. पहिल्याने रहिवाशांना मुभा दिली असता दुसरा जेव्हा ‘सर्वच वाहने बंद करा’ असे आवेशाने सांगतो, तेव्हा टाळ्या पडतात खऱ्या, पण पक्ष तेथेच कोसळलेला असतो.

आता तिसऱ्या वक्त्याविषयी मला अंमळ अधिक बोलावयाचे आहे, कारण आपल्या शिक्षकवर्गाकडून सर्वांत अधिक उपेक्षा त्याचीच होते. खणखणीत आवाजाचा विद्यार्थी पहिला, पाठांतर उत्तम असलेला दुसरा, आणि उरलेला तिसरा, अशी निवड ठिकठिकाणी होताना आपण पाहतो. वस्तुतः तिसऱ्याने नवा मुद्दा काढू नये, असा संकेत असल्याने त्याला घरून काहीच लिहून आणता येत नाही. समोर जे चार-पाच जण बोलले त्यातून वाद नेमका कोठे अडला आहे हे हुडकणे, एवढेच त्याचे भांडवल. आपल्या उदाहरणात वीस उपमुद्दे निघाले असले, तरी प्रश्न बहुधा दोनच उरतात : मोटारी थांबल्यास पर्यटक येईल की नाही, आणि तो न आल्यास स्ट्रॉबेरी विकणाऱ्याचे, खोल्या भाड्याने देणाऱ्याचे काय होईल. या दोन प्रश्नांखाली प्रतिपक्षाचे सगळे म्हणणे एकत्र आणून, त्याचे सर्वांत बळकट रूप प्रामाणिकपणे सांगून, मग त्याला उत्तर देणे, हे ज्याला साधते त्याला मी उत्तम वादपटू म्हणेन. हा विद्यार्थी ऐकणारा हवा, शीघ्र टिपणारा हवा, आणि आपले लाडके वाक्य गाळण्याचे धैर्य असलेला हवा.

समारोपाचे भाषण पहिल्या किंवा दुसऱ्या वक्त्याने करावयाचे असते, आणि त्यात प्रतिकूल पक्ष आधी बोलतो. म्हणजे त्याचा तिसरा वक्ता बसताच त्याच पक्षाचा समारोपकर्ता उठतो; त्याने लगोलग तेच खंडन पुन्हा सांगितले, तर पक्षाची चार मिनिटे व्यर्थ गेली. तिसऱ्याने युक्तिवाद तोलले असतील, तर समारोपकर्त्याने पंचांच्या दृष्टीने साऱ्या वादाचे पर्यवसान कशात झाले ते सांगावे.

उद्या सकाळच्या सत्रात याच विषयावर सहा विद्यार्थी प्रात्यक्षिक करून दाखवतील. त्या वेळी प्रत्येक शिक्षकाने हाती कागद घेऊन केवळ तिसऱ्या वक्त्यांच्या भाषणांचे टिपण करावे आणि दुपारच्या चर्चेत ते वाचून दाखवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्या टिपणांच्या आधारे, अनुकूल-प्रतिकूल जोडीच्या प्रथेबरोबरच तीन वक्त्यांच्या संघाची स्पर्धाही महाविद्यालयांनी सुरू करावी, अशा ठरावाचा मसुदा स्वागतसमिती खुल्या अधिवेशनापुढे ठेवणार आहे. निवास-भोजनाच्या व्यवस्थेत काही न्यून आढळल्यास स्वयंसेवकांना निःसंकोचपणे सांगावे. आपणां सर्वांचे पुनश्च स्वागत करून, अध्यक्षमहोदयांनी संमेलनाची सूत्रे हाती घ्यावीत, अशी त्यांना विनंती करतो.