कुंपणाच्या आतील सुरक्षितता

जून-जुलैचे दिवस आले की देशभरच्या तालुक्यांच्या गावांतून एक दृश्य हटकून दिसते. खांद्याला पिशवी अडकवलेला मुलगा किंवा मुलगी आणि सोबतीला वडील किंवा मामा, अशी नवखी मंडळी महाविद्यालयाच्या फाटकाशी येऊन उभी राहतात. मुलाची नजर इमारतीवर खिळलेली असते. वडिलांची नजर मात्र आधी फाटकाकडे, मग कुंपणाच्या भिंतीकडे आणि शेवटी खुर्ची टाकून बसलेल्या रखवालदाराकडे जाते. आपले मूल येथे सुखरूप राहील काय, हा प्रश्न ते सहसा उघड विचारत नाहीत. विचारलाच, तर उत्तरादाखल त्यांना भिंतीची उंची, कॅमेऱ्यांची संख्या आणि फाटक बंद होण्याची वेळ सांगितली जाते.

हे उत्तर खोटे नसते. पण ते अपुरे असते. विशेषतः महाविद्यालय लहान असेल, तर ते फारच अपुरे असते. आणि आपल्या देशातील महाविद्यालये बहुतांशी लहानच आहेत. अखिल भारतीय उच्चशिक्षण पाहणीत २०१८-१९ साली असे आढळले, की जवळजवळ दोनतृतीयांश महाविद्यालयांत विद्यार्थ्यांची संख्या पाचशेहून कमी होती. अशा ठिकाणी रखवालदार एकच असतो. घंटाही तोच देतो आणि प्रसंगी टपालही तोच आणतो. मोठ्या विद्यापीठाप्रमाणे सुरक्षा अधिकारी, गस्तीची गाडी, स्वतंत्र दवाखाना यांतले काहीच तेथे नसते.

मग लहान महाविद्यालयाजवळ असते काय? त्याच्याजवळ ओळख असते. रखवालदाराला मुलांचे चेहरे ठाऊक असतात. एखादी मुलगी दोन दिवस आली नाही, तर प्राध्यापकांच्या ते ध्यानात येते. खानावळीचा चालक, ग्रंथालयातील शिपाई, समोरचा झेरॉक्सवाला, हे सारे नकळत पहारा देत असतात. परका माणूस आवारात शिरला तर तो लपू शकत नाही. हे बळ पैशाने विकत मिळणारे नाही.

परंतु हीच ओळख उलटते तेव्हा अधिक घातक ठरते. विद्यार्थ्याला होणारा त्रास दर वेळी भिंत ओलांडून बाहेरून येतो असे नाही. पुष्कळदा तो आतच, ओळखीच्या माणसांत उपजतो. रॅगिंग हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. वरच्या वर्गातील मुलांनी नवागताची थट्टा करावी, ही रूढी वर्षानुवर्षे गमतीच्या नावाखाली खपवून घेतली गेली. महाराष्ट्राने १९९९ साली तिच्याविरुद्ध कायदा केला. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रोखण्याबद्दल देशभरच्या शिक्षणसंस्थांना निर्देश दिले. त्याच न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या राघवन समितीने २००७ साली आपला अहवाल दिला. तरीही २००९ च्या मार्च महिन्यात हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात एका कोवळ्या विद्यार्थ्याचा मारहाणीत अंत झाला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने कडक विनियम जारी केले.

या विनियमांतील शिक्षांची चर्चा पुष्कळ झाली. त्यांतील एक साधी तरतूद मात्र दुर्लक्षित राहिली. दर सहा नवागतांमागे एक ज्येष्ठ विद्यार्थी मार्गदर्शक असावा, आणि अशा सहा मार्गदर्शकांमागे त्यांच्याहून ज्येष्ठ असा एक मार्गदर्शक असावा, असे तेथे सांगितले आहे. ज्या ज्येष्ठांपासून नवागताला भय, त्या ज्येष्ठांवरच त्याची जबाबदारी सोपवण्याची ही युक्ती आहे. तिला खर्च लागत नाही. साठ नवागत असतील तर दहा मार्गदर्शक पुरतात. लहान महाविद्यालयाला हे एका दुपारी साधता येईल.

दुसरी तरतूद प्रमुखाला उद्देशून आहे. रॅगिंगचा अपराध घडल्याचे दिसून आले, तर चोवीस तासांच्या आत पोलिसांत फिर्याद नोंदवली पाहिजे. इतकी घाई का, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर लहान गावातील माणसाला सांगावे लागू नये. प्राचार्य त्याच गावात राहतात. आरोप ज्याच्यावर आहे त्या मुलाचे वडील त्यांच्या रोजच्या बैठकीतले असतात. कदाचित संस्थेच्या कार्यकारी मंडळावरही असतात. अशा वेळी पहिल्या दिवशी राग असतो, दुसऱ्या दिवशी मध्यस्थ येतात आणि तिसऱ्या दिवशी ‘मुलांचे भांडण, मिटवून टाकू’ असा सूर लागतो. चोवीस तासांची मर्यादा ही त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाविरुद्ध उभी केलेली भिंत आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा तर याहून पुढे गेला. तक्रारीकडे पाठ फिरवणारा संस्थाप्रमुख हा त्या अपराधाला साहाय्य करणाराच समजावा, असे त्याने ठरवले.

मुलींच्या तक्रारींच्या बाबतीत ही अडचण अधिकच नाजूक होते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पण अनेक संस्थांत समित्या कागदावरही आल्या नाहीत. पुण्याच्या ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी याविषयी न्यायालयाला लिहिलेले पत्रच याचिका म्हणून दाखल झाले, आणि २०१२ साली तिचा निकाल लागून राज्यांना अंमलबजावणीचे आदेश मिळाले. पुढल्याच वर्षी, २०१३ मध्ये, संसदेने कायदा केला. त्या कायद्याने अंतर्गत समितीची अध्यक्ष स्त्रीच असावी, सभासदांत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात आणि एक सभासद संस्थेबाहेरचा असावा, असे ठरवून दिले. २०१५ साली अनुदान आयोगाने आणखी एक पाऊल टाकले. विभागप्रमुखांसारख्या वरिष्ठ अधिकारपदांवरील व्यक्तींनी या समितीत बसू नये, आणि विद्यार्थ्यांसंबंधीची बाब असेल तर विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले तीन प्रतिनिधी त्यात असावेत, असे त्या विनियमांत आहे.

हा बाहेरचा सभासद म्हणजे निव्वळ सोपस्कार, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः लहान महाविद्यालयात समितीचा प्राण तोच असतो. मोठ्या संस्थेत तक्रार करणारी मुलगी गर्दीत मिसळू शकते. लहान संस्थेत तिने एका खोलीचे दार ठोठावले, तर संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळते. ज्याच्याविरुद्ध बोलायचे तोच तिचा परीक्षक असतो आणि ज्यांच्यापुढे बोलायचे ते त्याचे वीस वर्षांचे सहकारी असतात. अशा खोलीत निदान एक माणूस असा हवा, ज्याला उद्या त्या स्टाफरूममध्ये चहा प्यायचा नाही.

सुरक्षिततेचे दुसरे अंग इमारतीचे आहे. येथे मात्र ओळखीचा काही उपयोग नाही. आग आणि पाणी कोणाचे तोंड पाहत नाहीत. २४ मे २०१९ रोजी सुरतेत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गाला आगीने घेरले आणि बावीस विद्यार्थी दगावले. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत एका शिकवणी संस्थेच्या तळघरात पावसाचे पाणी घुसून तिघे विद्यार्थी बुडाले. ज्या तळघराला साठवणीसाठी परवानगी होती, तेथे ग्रंथालय चालत होते. ही महाविद्यालये नव्हती, पण धडा महाविद्यालयांनाही तोच आहे. चोर येऊ नये म्हणून मागच्या दाराला लावलेले कुलूप आगीच्या वेळी आतल्यांचाच घात करते. भिंतीवर टांगलेले अग्निशामक यंत्र कसे चालवावे हे प्रयोगशाळेतील परिचराला ठाऊक नसेल, तर ते भिंतीची शोभा तेवढे ठरते. मागच्या दाराची किल्ली कोणाच्या खिशात असते, हा प्रश्न कॅमेऱ्यांच्या संख्येहून अधिक महत्त्वाचा आहे.

आणि फाटकाबाहेर रस्ता असतो. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई फुले यांना वाटेतच चिखलशेणाचा मारा सोसावा लागे. आज तसा मारा होत नाही. पण वाट अजून निर्वेध झालेली नाही. दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थिनींच्या एका अभ्यासात असे दिसून आले, की अधिक चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळू शकत असतानाही, केवळ जाण्यायेण्याचा मार्ग कमी धोक्याचा म्हणून मुली दुय्यम दर्जाचे महाविद्यालय पत्करतात. म्हणजे रस्त्यावरील भयाची किंमत त्या आपल्या शिक्षणाने मोजतात. यावर वसतिगृहाचे दार लवकर बंद करणे हा उपाय नव्हे. अनुदान आयोगाच्या ‘सक्षम’ या २०१३ च्या अहवालानेही बजावले, की सुरक्षिततेचे कारण पुढे करून मुलींवर मुलांहून वेगळी बंधने लादू नयेत. शेवटची बस आणि शेवटचा तास यांचा मेळ घालणे, बसथांब्यापर्यंत दिवे लावून घेणे, हे काम अधिक खटपटीचे खरे, पण खरा उपाय तोच.

मनाची सुरक्षितता हा विषय तर अलीकडेच उघडपणे बोलला जाऊ लागला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध जोडावा. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ची सेवाही उपलब्ध आहे. पण दूरध्वनीचा क्रमांक मुलाला कोणीतरी सांगावा लागतो, आणि सांगण्यापूर्वी त्याच्या चेहऱ्याकडे कोणीतरी पाहावे लागते. येथे लहान महाविद्यालयाची ओळख पुन्हा उपयोगी पडते.

तात्पर्य, लहान महाविद्यालयाच्या सुरक्षिततेची दोन पथ्ये आहेत. काळजी घेताना त्याने आपल्या ओळखीवर भिस्त ठेवावी. न्याय करताना मात्र तिच्यावर मुळीच विसंबू नये. पहिले पथ्य बहुतेक ठिकाणी आपोआप पाळले जाते. दुसरे कठीण आहे, कारण तेथे शेजाऱ्याचा रोष पत्करावा लागतो आणि संस्थेच्या नावाला काही दिवस बट्टाही लागतो. परंतु ज्या संस्थेत एकही तक्रार नोंदली जात नाही, ती संस्था निर्धोक असते असे मानण्याचे कारण नाही. तेथे तक्रार करण्याची छाती कोणाला होत नसेल, हेही तितकेच संभवनीय आहे. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात, कोणते दार ठोठावायचे आणि ते दार आपल्यासाठी उघडेल काय, हे कळले पाहिजे. त्याचे उत्तर देणे हे प्राचार्यांचे, शिक्षकांचे आणि संस्थाचालकांचे काम आहे. रखवालदारावर ते सोपवून चालणार नाही.