पाच रुपयांची नोट, मॉरिशसची

गटाच्या बैठकीत आपण नोटा मोजतो, पण वाचत नाही. आज एक नोट वाचू या. आपली नव्हे, मॉरिशसची.

हिंदी महासागरातलं हे बेट आधी फ्रेंचांचं होतं, १८१० पासून इंग्रजांचं, आणि १९६८ साली स्वतंत्र झालं. तिथल्या उसाच्या मळ्यांत राबायला १८३४ पासून आपल्या देशातून करारावर माणसं नेली, साडेचार लाखांच्या आसपास. बरीचशी बिहारकडची, पण मुंबई बंदरातून रत्नागिरी-साताऱ्याकडचीही गेली. त्यांची पतवंडं आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात.

१८७६ साली इंग्रज सरकारने तिथे रुपया हेच चलन ठरवलं आणि रुपयाच्या सरकारी नोटा काढल्या: ५, १० आणि ५०. म्हणजे सगळ्यात लहान नोट पाचाची. आता मजुराच्या कराराकडे बघा. गडीमाणसाचा महिन्याचा पगार साधारण पाच रुपये, वर तांदूळ-डाळीचा शिधा. बाईला त्याहून कमी. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायची रीत होती. ताप आला, मूल आजारी पडलं, की ती एक नोटसुद्धा पुरती हाती येत नसे! एक रुपयाची नोट निघाली १९१९ मध्ये, करारावर माणसं नेणं जवळजवळ थांबल्यावर. युद्धाच्या काळात, १९४० साली, २५ आणि ५० सेंटच्याही नोटा निघाल्या.

अशा नोटा जमवणारे लोक जगभर आहेत. १८७६ च्या मालिकेतल्या नोटा क्वचितच दिसतात. जमवणाऱ्यांना कोरी, बिनघडीची नोट हवी असते. मला विचाराल तर चार घड्या पडलेली, घामाने मळलेली नोट जास्त बोलते. पण बाजार माझं ऐकत नाही.

तुमच्या ट्रंकेत, पोथीत अशी जुनी नोट निघाली, मग ती कुठल्याही देशाची असो, तर धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कोऱ्या कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा, ओलीपासून दूर.

आणि फोनवर कोणी म्हणालं, "नोटेचे लाखो देतो, आधी फी भरा," तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे मागणारे भेटतात. बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय, अशा व्यवहारात आम्ही नाही आणि कसलं कमिशन घेत नाही. विकायचीच असेल तर दोन-तीन जाणकारांना दाखवा, आणि पैसे हातात आल्याशिवाय नोट सोडू नका.

पाकिटावर मात्र पेन्सिलीने लिहून ठेवा: नोट घरात कोणी आणली, कुठून आणि कधी. घरातल्या म्हातारीला आजच विचारा.