कावीळ उतरली, पण कशाने?



पोटाचे, यकृताचे आणि पित्ताशयाचे आजार, आणि त्यांच्यावरच्या औषधांची पारख कशी होते, याविषयी आज बोलायचं आहे. विषय मोठा आहे, म्हणून मी एकच तक्रार हाताशी धरतो. ती म्हणजे कावीळ. पेण असो की रोहा, घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, की चौकशी सुरू होते ती 'कावीळ कोण उतरवतो' याची. कुणी माळ घालणाऱ्याचं गाव सांगतं, कुणी नाकात थेंब टाकणाऱ्याचं, कुणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन देणाऱ्याचं. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या घरचं माणूस खरोखर बरं झालेलं असतं. ते कशाने बरं झालं, एवढंच आपण शोधायचं आहे.

हात धुण्याचा प्रकार नीट पाहा. थाळीत चुन्याची निवळी असते. रुग्णाच्या हातांना आधी कसल्या तरी सालीचा रस चोळतात, मग हात निवळीत बुडवून चोळून धुतात. पाणी हळूहळू पिवळं होतं. बघणाऱ्यांना वाटतं, कावीळ उतरली. प्रत्यक्षात आंब्यासारख्या काही झाडांच्या सालीतलं द्रव्य चुन्याशी मिळालं की पिवळा रंग येतो. रुग्णाच्या शेजारी बसलेल्या धडधाकट भावाचे हात त्याच रसाने चोळून त्याच निवळीत धुवा, पाणी तेवढंच पिवळं होईल. माळेचंही तसंच. ओल्या काड्यांचे तुकडे गाठींत आवळून ती केलेली असते. काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. खुंटीला टांगली तरी ती लांबतेच. देवडांगरी या वेलीच्या रसाच्या थेंबांनी नाकातून पिवळं पाणी वाहतं, कारण त्या रसाने नाकाचं अस्तर भाजल्यासारखं होतं. ते पाणी नाकाचं असतं, यकृताशी त्याचा संबंध नाही.

धडधाकट भावाचे हात धुऊन पाहणं, यालाच वैद्यकीय संशोधनात तुलनेचा गट म्हणतात. सगळ्या औषधचाचण्यांचा पाया हाच आहे.

आपल्याकडची बहुतेक कावीळ दूषित पाण्याची असते. हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू पाण्यावाटे किंवा अन्नावाटे पोटात जातात आणि यकृताला सूज येते. बहुतांश रुग्णांत चार ते सहा आठवड्यांत ही सूज आपोआप ओसरते. माणूस मांत्रिकाकडे, वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे जातो तो डोळे अगदी पिवळेजर्द झाल्यावर. त्यानंतर रंग उतरणारच असतो. त्या दिवशी जे केलं त्याला श्रेय मिळतं, मग ती माळ असो की माझ्या चिठ्ठीवरची महागडी यकृताची गोळी. हा नियम मी डॉक्टरांनाही तितकाच लावतो. 'दिलं आणि बरा झाला' हा पुरावा नव्हे. 'ज्यांना दिलं नाही त्यांच्यापेक्षा लवकर बरा झाला' हा पुरावा.

तसा पुरावा आयुर्वेदाच्या औषधांसाठीही शोधता येतो, आणि तो मुंबईत शोधला गेलाय. डॉ. अंतरकर, डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यवर्धिनी या औषधाची चाचणी विषाणूजन्य काविळीच्या रुग्णांवर केली. ती १९८० साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये छापून आली. कुणाला खरं औषध मिळालं आणि कुणाला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं, म्हणजे प्लासिबो, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. आरोग्यवर्धिनीत सर्वांत मोठा वाटा कुटकी या वनस्पतीचा. पुढे याच मंडळींनी एकट्या कुटकीचं चूर्ण तपासलं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १५ रुग्णांना दोन आठवडे कुटकी दिली, १८ जणांना प्लासिबो. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारं द्रव्य, २.५ पर्यंत उतरायला प्लासिबोच्या गटात सरासरी सुमारे ७६ दिवस लागले, कुटकीच्या गटात सुमारे २७.

निष्कर्ष उत्साह वाढवणारा आहे. तरीही एवढ्यावरून मी प्रत्येकाला कुटकी लिहून देणार नाही. दोन्ही गट मिळून माणसं फक्त ३३. इतक्या थोड्या लोकांत दोघातिघांची कावीळ लांबली तरी सरासरी पार बदलते. असा अभ्यास पुन्हा, मोठ्या संख्येने आणि दुसऱ्या ठिकाणी व्हायला हवा. आणि आरोग्यवर्धिनी कुणी सांगितलं म्हणून किंवा मनाने घेऊ नये. तिच्यात पारा आणि ताम्रभस्म असतं.

पुन्हा तपासणं का गरजेचं, ते भुईआवळीने दाखवून दिलंय. पावसाळ्यात आपल्या शेताच्या बांधावर, अंगणाच्या कडेला ही वनस्पती उगवते. पानांखाली बारीक दाण्यांसारखी फळं, एखादी मूठ कुणीही उपटून आणावी. १९८८ साली मद्रासच्या डॉ. त्यागराजन यांनी 'लॅन्सेट' या नामवंत नियतकालिकात तिचा अभ्यास मांडला. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधून नोबेल मिळवलेले डॉ. ब्लूमबर्ग त्यात सहलेखक होते. रक्तात हा विषाणू वर्षानुवर्षं बाळगणाऱ्या लोकांना भुईआवळीचं चूर्ण ३० दिवस दिलं. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण नाहीशी झाली. प्लासिबो घेणाऱ्या २३ जणांत ती एकाचीच गेली. जगभर आनंद झाला. नंतर इतर देशांत तशाच चाचण्या झाल्या आणि तो गुण पुन्हा दिसला नाही. २०११ साली सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही भुईआवळी प्लासिबोपेक्षा सरस असल्याचा खात्रीचा पुरावा सापडला नाही. पहिला अभ्यास करणाऱ्यांनी फसवलं, असा याचा अर्थ नाही. एका अभ्यासावर विसंबता येत नाही, एवढाच अर्थ आहे.

जे झाडपाल्याचं ते निर्धोक, ही समजूतही सोडायला हवी. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी तो घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. त्यानंतर देशातल्या अनेक केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध करण्यात आली. ज्यांचं यकृत आधीच अधू आहे, किंवा ज्यांना थायरॉइडच्या काही विकारांसारखे प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचे आजार आहेत, त्यांनी गुळवेल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

असं संशोधन मोठ्या शहरातच होतं असं नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून दाखवला. रुग्णाच्या उशाशी बसून, दर थोड्या वेळाने नाडी आणि रक्तदाब टिपून केलेलं ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आता काविळीकडे परत येताना शहरातलं, पुण्याच्या विषाणू संस्थेचं, एक उदाहरणही सांगतो. दिल्लीत १९५५-५६ साली सांडपाणी मिसळलेल्या यमुनेच्या पाण्यामुळे काविळीची भयंकर साथ आली होती. त्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने पुण्यात जपून ठेवले होते. पंचवीसएक वर्षांनी, १९८० साली, डॉ. खोर्शेद पावरी आणि सहकाऱ्यांनी परदेशी शास्त्रज्ञांसोबत ते तपासले, तेव्हा कळलं की ती हिपॅटायटिस एची साथ नव्हतीच. पाण्यातून पसरणारा आणखी एक विषाणू होता. त्यालाच आज आपण ई म्हणतो.

हा ई विषाणू गरोदर बाईला फार घातक. शेवटच्या तीन महिन्यांत त्याची लागण झाली, तर वीस ते पंचवीस टक्क्यांपर्यंत मृत्यू नोंदले गेलेत. म्हणून गरोदर सुनेचे किंवा लेकीचे डोळे पिवळे दिसले, तर माळेच्या नादात एक दिवससुद्धा घालवू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आपोआप न ओसरणाऱ्या काविळीही आहेत. भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्याला ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, डोळे लाल आणि मग पिवळे, लघवी कमी, हे दिसलं तर तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, असू शकतो. त्यावर अँटिबायोटिक आहे, पण ते वेळेत पोचलं पाहिजे. टीबीच्या गोळ्या चालू असताना कावीळ दिसली, तर पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी, गोळ्या देणाऱ्या केंद्राला कळवा. रोजची दारू असेल, पोट फुगलं असेल, पाय सुजले असतील, तर ती जुनी यकृताची खराबी असते. आणि थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली कळ, शौचाला पांढुरकं, अंगाला खाज, अशी कावीळ असेल तर बहुधा पित्तनलिकेत खडा अडकलेला असतो. ही तातडीची बाब आहे. तो खडा दुर्बिणीने काढावा लागतो.

पित्ताशयातल्या खड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. सोनोग्राफीत सहज दिसला, त्रास काहीच नाही, अशा खड्याचं ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. तेलकट खाल्ल्यावर वारंवार कळ येत असेल तर पित्ताशय काढणं हाच खात्रीचा उपाय. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया भारतात पहिल्यांदा केली. आता ती सर्रास होते. मूतखड्याचं औषध पित्ताच्या खड्यावर चालत नाही.

विषाणूंच्या काविळीतला पाण्याचा मुद्दा पेणच्या खारेपाटाला सांगायला नको. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरांना पाण्याची किंमत माहीत आहे. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की आज डोळे पिवळे झाले तर विषाणू पोटात गेला तो दोन ते आठ आठवड्यांपूर्वी. म्हणून वाडीत एक रुग्ण दिसला की सगळ्या वाडीने त्या दिवसापासून पाणी उकळून प्यायचं. पाण्याला खळखळून उकळी आली की मिनिटभर तशीच ठेवायची. जलसुरक्षकाला विचारा, विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, कधी टाकलं? पाण्यातलं क्लोरीन पाहणारी ओटी टेस्ट कधी केली? विचारणं हा तुमचा हक्क आहे. ग्रामसभेत विचारा.

पथ्याच्या नावाखाली माणसाला उपाशी मारू नका. तेल बंद, तूप बंद, मीठ बंद, हळद बंद, नुसत्या लाह्या आणि रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस, हे पथ्य नुकसान करतं. भात, वरण, पोहे, ताक, फळं, झेपेल तसं थोडं थोडं द्या. दारू मात्र कायमची बंद, आणि ताप आला म्हणून पॅरासिटामॉल मनाने नको. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आलं, उलट्या थांबेनात, तर यकृत हार मानतंय असं समजा. तेव्हा घरी थांबायचं नाही.

औषधाच्या चाचणीत भाग घ्यायला कुणी विचारलं, तर घाबरू नका आणि घाईही करू नका. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. नीतिसमितीची परवानगी आहे का, देशाच्या चाचणी नोंदवहीत नोंद आहे का, इजा झाली तर उपचार कोण करणार, हे विचारा. मधेच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार बंद करता येत नाही.

ज्या घरी कुणाला माळ घालायचीच असेल, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण त्याआधी पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन बिलिरुबिन, एसजीपीटी, रक्त गोठण्याची चाचणी, आणि हिपॅटायटिस बी व सीची तपासणी यांची विचारणा करा. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सी तर बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बाळ जन्मलं की चोवीस तासांच्या आत त्याला हिपॅटायटिस बीची लस टोचून घ्या. आणि डॉक्टरकडे जाताना आधी घेतलेला काढा, पुडी, थेंब, जे काही असेल ते पिशवीत घालून सोबत न्या. लपवू नका. त्यावर कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी दाखवाच.