पहिल्या रांगेत कोण बसणार?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण. संक्रांत ते होळी या काळात गावोगाव करायच्या नाट्यप्रयोगांची तयारी हा बैठकीचा विषय होता.)

संक्रांत झाली की आपल्या गटाच्या नाटकाचे प्रयोग सुरू होतील. गावांची यादी झाली आहे, तालमी चालू आहेत. मला आज प्रयोगाच्या व्यवस्थेबद्दल बोलायला सांगितलं आहे. मांडव, माईक, गाडी, जेवण याबद्दल मी बोलणारच आहे. पण आधी गेल्या वर्षी माझ्या हातून झालेल्या दोन चुका सांगते. व्यवस्था नेमकी कुणासाठी करायची, हे मला त्या चुकांमुळे कळलं.

पहिली चूक. एका गावात आम्ही रात्री नऊला, देवळापुढच्या पटांगणात प्रयोग ठेवला. पटांगण भरलं. खुर्च्यांवर सरपंच, गुरुजी, गावातले कर्ते पुरुष, त्यांच्या मागे तरुण पोरं. बाया कुठे होत्या? भिंतीला टेकून, ओट्यांवर, अंधारात. दिवसभर कापूस वेचून आलेल्या, कडेवर मूल घेऊन उभ्या. मध्यंतरापर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त निघून गेल्या होत्या. कुणाचं मूल रडत होतं, कुणाच्या घरी म्हातारं माणूस जेवायचं राहिलं होतं. बाईच्या दुःखावरचं नाटक शेवटपर्यंत पाहिलं ते पुरुषांनी. आणि मी अहवालात लिहिलं, ‘ग्रामस्थांचा भरघोस प्रतिसाद’. ग्रामस्थ म्हणजे कोण, हा प्रश्न मला समाजकार्याची पदवी घेऊनसुद्धा त्या रात्री पडला नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. प्रयोग सुरू होण्याआधी माईकवर मी कलाकारांची ओळख करून दिली. आपल्या एका मैत्रिणीबद्दल मी म्हटलं, ‘या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या विधवा आहेत.’ लोक हळहळले. मला वाटलं, चांगली सुरुवात झाली. परतताना गाडीत ती गप्प होती. घराजवळ उतरताना म्हणाली, ‘ताई, नाटकात मी सासू होती ना? मंग तुमी मले विधवा म्हनून काहून सांगितलं? मी सासू चांगली नाई केली का?’

तिने सासू फार चांगली केली होती. पण ते तिला सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, या दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. मंचावरची बाई आपल्याला कलाकार वाटत नाही आणि मंचासमोरची बाई आपल्याला प्रेक्षक वाटत नाही. एक आपल्याला हळहळीसाठी लागते, दुसरी गर्दीसाठी.

हे काही आजचं नाही. बालगंधर्वांच्या काळात नाटकातल्या नायिका पुरुष रंगवत. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, तर ते मुद्दाम नोंद घेण्यासारखं पाऊल ठरलं. आपल्या विदर्भातल्या दंडारीतही लुगडं नेसून पुरुषच नाचत आले. तमाशाच्या फडावर बाई होती, पण समोर बसलेले सगळे पुरुष. विठाबाई नारायणगावकरांचा सन्मान राष्ट्रपतींच्या हस्ते झाला, तरी २००२ साली त्या गेल्या त्याआधीची त्यांची वर्षं ओढगस्तीत गेली. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देतं. टाळ्या, शिट्ट्या, पदक हे सगळं बाईला मिळतं. म्हातारपणाची सोय मात्र मिळत नाही.

आणि तरी गाणं, नाचणं, सोंग आणणं आपल्या बायांना शिकवावं लागत नाही. भुलाबाईची गाणी आपण लहानपणापासून म्हणत आलो. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर होळीला बाया लेंगी गातात. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आज्या तुमच्यापैकी अनेकींनी पाहिल्या असतील. फक्त त्या गाण्यापुढे माईक नव्हता, मांडव नव्हता आणि त्याला कुणी ‘कार्यक्रम’ म्हटलं नाही.

स्त्रियांच्या चळवळीने हे ओळखलं. ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ साली आणलं. त्याला मोठं नाट्यगृह लागत नव्हतं, एखादं अंगणही पुरत होतं. सुषमा देशपांडे १९८९ पासून ‘व्हय, मी सावित्रीबाई’ एकटीने उभं करत आल्या. आपण जे करू पाहतो आहोत, त्याला असा मागचा आधार आहे.

आता आपल्या जिल्ह्याबद्दल बोलते. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुलं, अशी एका घरातली सहा माणसं गेली. आपण त्याला ‘शेतकऱ्याची आत्महत्या’ म्हणतो. त्यांच्या पत्नीचं नाव इथे बसलेल्या किती जणींना माहीत आहे? पुढे २००८ साली आपल्या जिल्ह्यातल्या जळका गावच्या कलावती बांदूरकर यांचं नाव राहुल गांधींनी लोकसभेतल्या भाषणात घेतलं आणि देशभरचे कॅमेरे त्यांच्या दारात आले. बाईची गोष्ट सांगितली गेली खरी, पण सांगणारा दुसराच होता.

म्हणून मला ‘तेरवं’ हे नाटक महत्त्वाचं वाटतं. श्याम पेठकरांनी ते लिहिलं, हरीश इथापे यांनी बसवलं आणि त्यात कामं केली ती शेतकरी आत्महत्यांमागे उरलेल्या घरांमधल्या बायांनी. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचा विधी. तो माणूस गेल्याचा विधी असतो. चौदाव्या दिवसापासून बाईने कसं जगायचं, ते कोणताच विधी सांगत नाही. कर्ज कुणी फेडायचं, सातबाऱ्यावर नाव कसं लागायचं, मदतीचं प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरायचं, दिराच्या नजरेपासून कसं वाचायचं, हे सगळं चौदाव्या दिवसापासून सुरू होतं.

त्याच नाटकात काम करणाऱ्या वैशाली येडे यांना जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्‌घाटनाला बोलावलं गेलं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावर मोठा वाद झाला होता, त्यानंतरचं हे बोलावणं. वैशालीताई कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या. एका लेखिकेचं तोंड बंद केल्यावर रिकाम्या झालेल्या जागी दुसरीला उभं केलं, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण त्या मंचावर त्या मान खाली घालून बसल्या नाहीत, बोलल्या. मला असं वाटतं की त्यांना तालमींनी शिकवलं होतं. आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो, हे बाईला घरात कुणी शिकवत नाही. घरात उलटंच शिकवलं जातं.

आता व्यवस्थेकडे येते.

आपले प्रयोग संक्रांतीनंतर आहेत, म्हणजे रथसप्तमीपर्यंत गावात हळदीकुंकवाची धामधूम. नवरा नसलेल्या बाईला त्यात बोलावणं नसतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. आपल्या किती गावांत ते वाचलं गेलं? आपल्या प्रयोगाचं बोलावणं घरोघर द्यायचं आहे आणि ते त्या घरातल्या प्रत्येक बाईला तिच्या नावाने द्यायचं आहे. वाण-कुंकू काही नाही. ‘तुमची खुर्ची ठेवली आहे’ एवढंच सांगायचं.

वेळ आपण ठरवायची नाही. त्या गावातल्या मजुरी करणाऱ्या बायांना विचारून ठरवायची. बऱ्याच गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. त्या दिवशी दुपारी चालेल का, विचारा.

जागा निवडताना देऊळ टाळा. तिथे पाळी आलेली बाई येणार नाही आणि काही वस्त्यांमधल्या बायांना आजही बिचकत यावं लागतं. शाळेचं मैदान बरं. बायांसाठी संडास जवळ आहे ना, परतीच्या वाटेवर दिवा आहे ना, हे आदल्या दिवशी जाऊन पाहायचं.

पुरुषांना येऊ द्यायचं की नाही, यावर काल आपला बराच वाद झाला. माझं मत, येऊ द्यायचं. आपलं म्हणणं त्यांनीही ऐकायला हवं. पण पुढच्या रांगा बायांच्या. त्यावर सरपंच रुसले तर रुसू देत. दारू पिऊन आलेल्याला आत सोडायचं नाही, त्यासाठी चौघीजणी बाहेर उभ्या राहतील. लहान मुलांना एका खोलीत सांभाळायचं काम गावातल्या तरुण मुलांनी करावं, असं मी सुचवते. ते नाही म्हणतील. आपण पुन्हा विचारू.

आता मानधन. इथे काही जणी गप्प होतील, मला माहीत आहे. मांडववाल्याला आपण पैसे देतो. माईकवाल्याला, गाडीवाल्याला देतो. त्यांना कुणी ‘चळवळीसाठी करा’ म्हणत नाही. मग तालमीसाठी एक दिवसाची वेचणी बुडवणाऱ्या बाईलाच सेवाभाव का सांगायचा? वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. कापूस वेचला नाही, तर त्या दिवशी हातात काही नाही. म्हणून माझा ठराव असा आहे की तालमीच्या दिवसाची मजुरी आणि प्रयोगाचं मानधन हा आपल्या अंदाजपत्रकातला पहिला खर्च असावा. पैसे कमी पडले तर मांडव छोटा करू, दोन प्रयोग कमी करू.

ओळख करून देताना कलाकाराचं नाव आणि भूमिका, एवढंच सांगायचं. तिच्या घरात काय घडलं ते तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. पत्रकार आले तरी हाच नियम. आणि माईकवर मी असले तरी हाच नियम, मला थांबवा.

शेवटचं. प्रयोग संपल्यावर एखादी बाई हळूच येऊन तुमचा हात धरेल. ‘माह्याच घरचं दाखवलं तुमी,’ म्हणेल. त्या वेळी खुर्च्या गोळा करण्यात आपण सगळ्या गुंतलेल्या नको. दोघींनी एका बाजूला निवांत बसायचं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता, १८१ ही हेल्पलाइन, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, वारस नोंदीची माहिती, हे सगळं त्यांच्याजवळ लिहिलेलं असावं. नाटकाने तिचं मन उघडलं आणि तिला रिकाम्या हाताने परत पाठवलं, तर तो आपला अन्याय होईल.

त्या गाडीतल्या मैत्रिणीकडे मी दुसऱ्या दिवशी गेले आणि माफी मागितली. तिने चहा ठेवला. म्हणाली, ‘ते जाऊ द्या ताई. सासू कशी वाटली ते सांगा.’ मग आम्ही तासभर फक्त नाटकाबद्दल बोललो. दुसऱ्या प्रवेशात तिचा आवाज पडतो, हे मी तिला सांगितलं. तिला राग आला नाही. उलट ती उठली आणि तो प्रवेश तिने चुलीपुढे उभं राहून मला परत करून दाखवला.

यंदाही सासू तीच करते आहे. आता यादी वाचू या. पहिल्या गावात निमंत्रणं द्यायला कोण कोण जाणार?