एका आंकड्याचें अंतर

धांवण्याच्या शर्यतीचा निकाल घड्याळ देतें. त्याच्याशीं कोणी वाद घालीत नाहीं. तालबद्ध जलतरणाची गोष्ट निराळी आहे. येथें संगीताच्या लयींत देह पाण्यांत उलटा, उभा, आडवा तोलावयाचा, श्वास रोखून पायांनीं आकृति रेखावयाच्या, आणि एवढें करून मुखावर श्रमाची छटाहि उमटूं द्यावयाची नाहीं. या साऱ्याचें मोल ठरतें तें परीक्षकांच्या आंकड्यांवरून. तो आंकडाच चुकला तर काय होतें, हें कॅनडाच्या सिल्व्ही फ्रेशेत हिच्या चरित्रावरून दिसून येतें.

सिल्व्ही १९६७ सालीं मॉन्ट्रियल येथें जन्मली. १९९१ सालीं पर्थ येथील जागतिक स्पर्धेंत एकल प्रकारांत ती अजिंक्य ठरली. साहजिकच १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्यें तिच्याकडून सुवर्णपदकाचीच अपेक्षा होती. परंतु स्पर्धेच्या अगदीं तोंडावर तिच्या वाग्दत्त पतीनें आत्मघात केला. तें दुःख उरांत घेऊन ती पाण्यांत उतरली.

त्या काळीं मुक्त नृत्यापूर्वीं ठराविक आकृतींची परीक्षा होत असे. तींत ब्राझीलच्या एका परीक्षक बाईंना द्यावयाचे होते ९.७ गुण, यंत्रावर उमटले ८.७. त्यांनीं लगोलग दुरुस्तीची खटपट केली. पण भाषेची अडचण आड आली, आणि तोंवर गुण जाहीर होऊन गेले. कॅनडाची तक्रारहि फेटाळली गेली. मुक्त नृत्यांत सिल्व्हीचे गुण सर्वांहून अधिक भरले, तरी एकूण बेरजेंत अमेरिकेच्या क्रिस्टेन बॅब-स्प्रेगला १९१.८४८ आणि तिला १९१.७१७ गुण पडले. रौप्यपदक घेऊन ती मायदेशीं परतली.

कॅनडानें मात्र हा प्रश्न सोडला नाहीं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे कॅनडातील सभासद रिचर्ड पाउंड यांनीं तिची बाजू लावून धरली. अखेर १९९३ सालीं चूक मान्य झाली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरांत, सोळा महिन्यांनीं, मॉन्ट्रियलमध्यें तिच्या गळ्यांत सुवर्णपदक पडलें. अमेरिकन जलपटूचें पदक काढून घेण्यांत आलें नाहीं, आणि तेंच योग्य होतें. कारण तिच्याकडे कांहींच दोष नव्हता. एका स्पर्धेचीं दोन सुवर्णपदकें झालीं. रौप्यपदकाची जागा रिकामी राहिली.

कोणी येथेंच थांबलें असतें. परंतु १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकसाठीं सिल्व्ही पुनः पाण्यांत उतरली. तेव्हां एकल प्रकार कार्यक्रमांतून गेला होता. उरलें होतें तें केवळ सांघिक नृत्य. जिनें एकटीनें जग जिंकलें होतें, तिला आतां आपलें वेगळेपण लपवून मैत्रिणींच्या हालचालींत मिसळून जावयाचें होतें. संघाला रौप्यपदक मिळालें. हें दुसरें रौप्य कोणाच्या चुकीनें आलेलें नव्हतें. तें तिच्या स्वकष्टाचें होतें, आणि म्हणूनच पूर्णपणें तिचें होतें.