हौस आपली, नाव कंपनीचे



आपली पुष्कळशी मुले आता कारखान्यांत, बँकांत, मोठ्या दुकानांत नोकरीस लागू लागली आहेत. कित्येक घरांत महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार आणणारे हे पहिलेच माणूस असते. अशा मुलाला आपल्या कंपनीचा अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे. मात्र हा अभिमान जगाला दाखविताना कायदा कोठे आडवा येतो, हे त्याला सहसा कोणी सांगितलेले नसते. आज त्याविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत.

समजा, एक तरुण मोटारसायकली बनविणाऱ्या कंपनीत नोकरीस आहे. त्या गाडीवर त्याचा जीव आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर तो घरच्या संगणकावर तिची एक वेबसाइट तयार करतो. जुन्या मॉडेलांची छायाचित्रे, गाडी कशी राखावी याच्या सूचना, चालविणाऱ्यांचे अनुभव, असे सारे तीवर असते. साइटला नाव देतो कंपनीचेच आणि वर कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह लावतो. त्याच्या मनात काहीही वाईट नाही. पण पहिलेच पाऊल त्याने दुसऱ्याच्या अंगणात टाकलेले आहे.

कंपनीचे नाव व चिन्ह ही, तिच्या इमारतीसारखीच, तिची मालमत्ता होय. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने तिला संरक्षण दिले आहे. वेबसाइटच्या पत्त्याचेही तसेच. 'सिफी' या नावाने चालणाऱ्या कंपनीने 'सिफीनेट' नावाच्या दुसऱ्या कंपनीविरुद्ध दावा लावला होता. दुसरीच्या इंग्रजी नावात एक 'एफ' जास्त होता, एवढाच काय तो फरक. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि पत्त्यालाही व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळू शकते असे सांगितले. तेव्हा पत्ता आधी आपण घेतला, पैसे आपण भरले, या सबबीवर विसंबून राहू नये. '.कॉम' पत्त्यांसाठी १९९९ पासून आणि आपल्या '.इन' साठीही तंटा सोडविण्याची स्वतंत्र पद्धत आहे. वाईट हेतू सिद्ध झाल्यास पत्ता काढून मूळ मालकाकडे दिला जातो.

मग कंपनीचे नाव तोंडातूनच काढावयाचे नाही काय? असे मुळीच नाही. अमुक गाडी म्हणजे अमुक कंपनीची गाडी, हे सांगण्यासाठी नावाचा प्रामाणिक वापर करण्यास त्याच कायद्याच्या कलम ३० मध्ये वाव ठेवला आहे. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे टाटा आणि ग्रीनपीस यांचे प्रकरण आले होते. ओडिशातील धामरा बंदरामुळे समुद्री कासवांना धोका आहे, अशी टीका करणारा एक संगणकीय खेळ ग्रीनपीसने काढला व त्यात टाटांचे नाव आणि चिन्ह वापरले. तो खेळ तूर्त बंद करण्याचा आदेश देण्यास न्यायालयाने नकार दिला. हा निकाल महत्त्वाचा खराच. पण ग्रीनपीस टाटांच्या पगारावर नव्हती, हेही ध्यानात घ्यावे.

येथेच नोकराची गोष्ट वेगळी होते. २०१४ साली स्वीडनमध्ये जन्मलेल्या आयकिया या फर्निचर कंपनीने मलेशियातील एका चाहतीला वकिलाचे पत्र धाडले. तिची साइट २००६ पासून चालू होती, नावात आयकियाचे नाव होते आणि साइटवर जाहिराती होत्या. चाहत्यांनी मोठा गलबला केला, तेव्हा कंपनीने पुढे नमते घेतले. ती बाई बाहेरची होती, म्हणून हे निभावले. नोकरी करणाऱ्याच्या बाबतीत कंपनीला न्यायालयात जाण्याचीही गरज नसते, कारण नेमणूकपत्र तिच्या कपाटात असते. ते पत्र आपली मुले वाचीत नाहीत, सही करून मोकळी होतात. पालकांनी ते मागून घ्यावे व एकदा मुलासोबत बसून वाचावे. दुसरा धंदा करू नये, आतली माहिती बाहेर देऊ नये, कंपनीच्या वतीने परवानगीशिवाय बोलू नये, अशी कलमे त्यात पुष्कळदा असतात.

छायाचित्रांचाही प्रश्न आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीचे काम म्हणून काढलेले चित्र किंवा लिहिलेला मजकूर, वेगळा करार नसेल तर, मालकाचा ठरतो. बटण तुमच्या बोटाने दाबले असले तरीही! रविवारी स्वतःच्या गाडीचे काढलेले चित्र तुमचे. कारखान्यात उभ्या असलेल्या, अजून बाजारात न आलेल्या गाडीचे चित्र मात्र कौतुकानेसुद्धा बाहेर टाकू नये. नव्या आकाराची नोंदणी होण्यासाठी तो आधी जगजाहीर झालेला नसावा, असे २००० चा डिझाइन कायदा सांगतो. एका चित्राने कंपनीला किती झगडावे लागेल आणि नोकरीचे काय होईल, याचा विचार करा.

काहीजण म्हणतात, आपण नोकर आहोत हे सांगूच नये, म्हणजे झाले. माझ्या मते ही सर्वांत वाईट तोड होय. समाजमाध्यमांवर एखाद्या मालाची वाखाणणी करणाऱ्याने त्या कंपनीशी असलेला संबंध, नोकरीचासुद्धा, उघड करावा, असे जाहिरात क्षेत्रातील मानक परिषदेने २०२१ साली सांगितले आहे. शिवाय ब्रेकविषयी तुम्ही दिलेला सल्ला वाचणारा कंपनीचाच सल्ला समजला आणि अपघात झाला, तर?

म्हणून आधी अर्ज करावा. साधे पत्र पुरे: मी अमुक खात्यात आहे, फावल्या वेळात, स्वतःच्या साधनांनी, जाहिराती न घेता अशी साइट काढू इच्छितो, बोधचिन्ह वापरणार नाही, नाव वेगळे ठेवीन. साहेबांच्या तोंडी 'कर की' वर काम सुरू करू नये, कारण साहेब बदलतात. उत्तर लेखी घ्यावे. परवानगी मिळाल्यावर प्रत्येक पानावर ठळकपणे लिहावे की, ही साइट कंपनीची नसून मते लिहिणाऱ्याची आहेत. बोधचिन्ह छापलेले शर्ट विकण्याच्या फंदात पडू नये. आणि कधी नोटीस आलीच, तर ती फाडू नये, रागाने उलट उत्तरही लिहू नये. तिच्यावर तारीख असते. त्या तारखेच्या आत ती नोटीस व नेमणूकपत्र घेऊन वकिलाकडे जावे, आणि घरच्यांपासून ती लपवू नये.